पार्वो झालेल्या पिल्लाला दहीभात का पुरत नाही

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागल्याचा मेसेज आला, की सल्ले सुरू होतात. दहीभात द्या, हळदीचं पाणी पाजा, काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असेल. मोठ्या कुत्र्याचं पोट पुष्कळदा असं सावरतंही. पण लस न झालेलं दोन-तीन महिन्यांचं पिल्लू असेल तर पहिला संशय पार्वोचा घ्यायचा.

कुत्र्यांचा हा विषाणू 1978 मध्ये जगाच्या नजरेत आला. मांजरांतल्या अशाच एका विषाणूचा तो जवळचा नातलग. याचा डीएनए एकाच धाग्याचा, जेमतेम 5,000 अक्षरांचा. एवढ्याशा सामानात डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा बसत नाही. ती पेशीकडूनच उसनी घ्यायची. आणि पेशी ती पुरती कामाला लावते फक्त विभाजनाआधी, स्वतःचा डीएनए दुप्पट करताना. काही विषाणू पेशीला विभाजनाला भाग पाडतात. पार्वोला तेही जमत नाही. तो आत शिरून वाट बघत बसतो.

त्यामुळे जिथे पेशी सतत विभागतात तिथेच त्याचं फावतं. लहान आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं: असंख्य सूक्ष्म उंचवटे आणि त्यांच्या बुडाशी खाचा. नव्या पेशी खाचांत जन्मतात, वर सरकत जातात आणि काही दिवसांत टोकावरून गळून पडतात. अन्नरस शोषतात त्या या वरच्या पेशी. पार्वो मारतो खाचांतल्या. वरच्या नेहमीप्रमाणे गळत राहतात, खालून नव्या येत नाहीत, उंचवटे खुजे होत सपाट होतात. शोषायला पृष्ठभागच उरला नाही, तिथे दही काय आणि भात काय! पाणी, क्षार, रक्त बाहेर जातं आणि आतड्यातले जिवाणू रक्तात घुसतात. नेमक्या त्याच वेळी अस्थिमज्जेतल्या विभागणाऱ्या पेशीही मरत असतात, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचाही तुटवडा.

म्हणून उपचार म्हणजे मुख्यतः सलाईन, उलटीवरची इंजेक्शनं आणि प्रतिजैविकं. खाचांतल्या वाचलेल्या पेशी अस्तर पुन्हा उभं करेपर्यंत पिल्लू तगवायचं. ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांत गुलाबी झाला नाही, किंवा हिरडी मुळातच फिकट आणि चिकट लागली, तर सकाळची वाट बघू नका. जवळचा व्हेट गाठा, नाहीतर, मुंबईत असाल तर, परळचं बैलघोडा हॉस्पिटल; एकोणिसाव्या शतकापासून ते जनावरांच्या उपचारासाठीच आहे. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी मात्र चुकूनही देऊ नका, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात. (मोठ्या जातीचा कुत्रा नुसतेच उमासे काढतोय आणि पोट फुगलंय, तर ते प्रकरण वेगळं: जठराला पीळ. तिथे तासांचा हिशोब असतो.)

नजर उतरवणाऱ्यांबद्दल काय बोलायचं. निदान मिरच्या स्वस्त तरी असतात. 'इम्युनिटी'चे महागडे थेंब विकणाऱ्यांना तीही सबब नाही. खरा बचाव लसीचाच, पण तिचंही वेळापत्रक आहे. आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी प्रथिनं) पिल्लाला वाचवतात, पण तीच लसही निकामी करतात, आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचे, वय 16 आठवडे होईपर्यंत. मधला एखादा चुकवला, की तेवढे दिवस पिल्लू उघडं.

आणि जिना फिनाईलने पुसून पार्वो जात नाही. त्याला स्निग्ध आवरणच नसल्याने सॅनिटायझरही फुकट; जमिनीत तो महिनोन्‌महिने टिकतो. आधी घाण पूर्ण धुऊन काढा, मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा.