तारापूरच्या पेटीतली थालीपिठाची भाजणी

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या. त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम, म्हणजे भट्टीत फुटणाऱ्या अणूंचे प्रमाण वाढवलेले युरेनियम, अमेरिकेहून यायचे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला, तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींनी घरात काय शिल्लक आहे ते पाहिले. शिल्लक होते प्लुटोनियम. आपल्या जड पाण्याच्या (जड हायड्रोजनपासूनच्या पाण्याच्या) भट्ट्यांतून निघालेल्या एक टन जळक्या इंधनात ते जेमतेम तीन-चार किलो सापडते. युरेनियममध्ये ते मिसळून केलेले इंधन म्हणजे 'मॉक्स', दोन ऑक्साइडांचे मिश्रण. नव्वदीत तारापूरच्या भट्ट्यांत असे थोडे इंधन वापरूनही पाहिले.

युरेनियम ऑक्साइडची भुकटी काळपट, प्लुटोनियम ऑक्साइडची शेवाळी हिरवट. खरी परीक्षा मिसळण्याची. भाजणीत मीठ नीट मिसळले नाही तर थालीपिठाचा एक घास अळणी, दुसरा खारट लागतो. इथे प्लुटोनियमची गुठळी राहिली तर तेवढीच जागा भट्टीत जास्त तापते आणि भोवतीच्या धातूच्या नळीला त्रास होतो. म्हणून भुकट्या एकत्र दळतात, दाबून गोळ्या पाडतात आणि सोळाशे अंशांच्या वर भाजतात. भाजताना गोळी आक्रसते. ती किती आक्रसणार याचा अंदाज आधीच बांधावा लागतो, नाहीतर ती नळीत बसत नाही.

हे सगळे चालते ते बंद पेटीत, बाहेरून जाड रबरी हातमोज्यांत हात घालून. प्लुटोनियमचे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात, पण तीच धूळ श्वासातून फुफ्फुसात गेली तर कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून पेटीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. मोज्याला भोक पडलेच तर हवा आत खेचली जाते, धूळ बाहेर येत नाही. आत पडलेला साधा स्क्रू काढायचा तरी तो त्याच मोज्यांनी, चाचपडत.

तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या द्रुत प्रजनक भट्टीचे (जळते त्याहून जास्त इंधन तयार करू शकणाऱ्या भट्टीचे) इंधनही तारापूरलाच बनते. त्यात प्लुटोनियमचा वाटा भट्टीच्या आतल्या भागात २१ आणि बाहेरच्या भागात २८ टक्के, म्हणजे पेटीतली जोखीमही तेवढी मोठी. गोळी साडेपाच मिलिमीटर जाडीची, मधोमध भोक असलेली. एका जुडग्यात २१७ सळ्या आणि अशी १८१ जुडगी, म्हणजे ३९,२७७ सळ्या झाल्या. प्रत्येक सळीत गोळ्यांची चळत.

एवढे करूनही माल कोठारात फार काळ साठवून ठेवता येत नाही. प्लुटोनियम-२४१ या त्याच्या एका प्रकाराचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) साधारण १४ वर्षांचे, आणि त्याचे होते अमेरिशियम, हे दुसरे किरणोत्सारी मूलद्रव्य. त्याचे गॅमा किरण रबरी मोज्यांना जुमानत नाहीत. जुने प्लुटोनियम हाताळायचे तर पेटीला शिशाचे कवच चढवा, नाहीतर ते पुन्हा शुद्ध करायला पाठवा.