वर्षाचा कार्यक्रम म्हणजे दीर्घकालीन नियोजन नव्हे

मार्च जवळ आला की नाशिकमधल्या मानवी हक्क संस्थांत वर्कप्लॅन आणि बजेट बसवायची धांदल उडते. त्यातच एखाद्या देणगीदाराला पाच वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅनही हवा असतो. मग यंदाचाच तक्ता पुढे ओढायचा, दरसाल चार गावं वाढवायची, की झाला आराखडा!

वर्षाच्या कार्यक्रमात कोण, कुठे, कधी आणि किती खर्चात एवढंच येतं. दीर्घकालीन नियोजनात ठरवायचं असतं ते वेगळंच: पाच वर्षांनी कोणाच्या हातात कोणती ताकद आलेली असेल आणि त्यासाठी आपण कोणती कामं सोडणार. सोडायच्या कामांचा उल्लेखच नसेल, तर मी त्याला नियोजन मानत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांतलं वनहक्काचं काम घ्या. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार दावा करायला वनजमिनीवरचा ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असावा लागतो. कार्यकर्ता ओटीवर बसून गावातल्या जुन्या माणसाचा जबाब लिहून घेतो, अंगठा घेतो, ग्रामसभेचा ठराव फाईलला लावतो. काम मोलाचंच आहे. पण उपविभागीय समितीने दावा फेटाळला, तर जिल्हास्तरीय समितीकडे 60 दिवसांत दाद मागावी लागते. तोवर प्रकल्प संपून कार्यकर्ता दुसऱ्या तालुक्यात गेला असेल तर? नियोजन करायचं ते या प्रश्नाचं. गावच्या वनहक्क समितीत 10 ते 15 सदस्य असतात, त्यात किमान एक तृतीयांश महिला. अपील त्यांनीच लिहावं असं ठरवलं, की पैसा फॉर्म भरण्याकडून प्रशिक्षणाकडे वळवावा लागतो. सुरुवातीला दाव्यांचा आकडा घसरलेला दिसेल आणि ते देणगीदाराला आधीच स्पष्ट सांगायला हवं.

हा फरक नाशिक शहरातच फार मोठ्या पातळीवर दिसला आहे. 2 मार्च 1930 ला दलितांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. सत्याग्रहींच्या तुकड्या, रामनवमीचा रथ हा सगळा कार्यक्रम होता. 3 मार्च 1934 च्या पत्रात बाबासाहेबांनी गायकवाडांना कळवलं की मूर्तिपूजेसाठी हा लढा नव्हता, समाजाला जागं करण्यासाठी होता. आता शक्ती राजकारण आणि शिक्षणावर लावावी. मंदिराची दारं तेव्हाही बंदच होती. तरी चालू कार्यक्रम थांबवायचं त्यांनी ठरवलं, कारण ध्येय डोळ्यांसमोर पक्कं होतं. पुढे 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

दोन्हींचा आढावाही वेगवेगळा घ्या. कार्यक्रमाचा दर तिमाहीला: काय झालं, काय राहिलं. नियोजनाचा वर्षातून एकदा, गावातल्या लोकांना सोबत बसवून: आपले अंदाज अजून खरे आहेत का? 2020 मध्ये परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा एफसीआरए कायदा बदलला आणि एका संस्थेने परदेशी निधी दुसरीला देणं बंद झालं. मोठ्या संस्थेमार्फत पैसा मिळणाऱ्या छोट्या संस्थांचा तो रस्ता तिथेच तुटला. निधीचा एखादा स्रोत आटला तर कोणतं काम काहीही झालं तरी चालू ठेवायचं, हे पाच वर्षांच्या कागदावर नाव घेऊन लिहिलेलं असायला हवं.