गोळी मेंदूत नेमके काय करते? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

धंतोलीतील दवाखान्यांमधून चिठ्ठी घेऊन आमच्या मेडिकलमध्ये येणारे अनेक ग्राहक नैराश्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेताना विचारतात की, या गोळीने मेंदूत होते तरी काय, आणि आठ दिवस होऊनही फरक का जाणवत नाही. काउंटरवरील गर्दीत याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे देत आहोत.

दोन चेतापेशी जेथे एकमेकींजवळ येतात तेथे त्यांच्यात मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकी फट असते. विद्युतसंदेश पेशीच्या टोकाशी पोहोचला की तेथे कॅल्शियम आत शिरते आणि सूक्ष्म पिशव्यांमधील सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन यांसारखी संदेशवाहक रसायने फटीत सोडली जातात. पलीकडच्या पेशीवरील रिसेप्टर, म्हणजे ती रसायने ओळखणारे ग्राहक रेणू, ती टिपतात, एवढे पुष्कळांनी वाचलेले असते. मात्र रसायन सोडणाऱ्या पेशीवरही त्याच रसायनाचे रिसेप्टर असतात आणि फटीतील प्रमाण वाढले की ते पुढचा स्राव आवरतात, हे सहसा कोणी सांगत नाही. कूलरच्या टाकीत पाणी चढल्यावर बॉलकॉक नळ बंद करतो, तसेच हे काम चालते.

बरीच औषधे नेमका हाच लगाम हाताळतात. रक्तदाबासाठी दिले जाणारे क्लोनिडीन नॉरअ‍ॅड्रेनालिनच्या अशाच लगामाच्या, म्हणजे अल्फा-२, रिसेप्टरना चेतवते, त्यामुळे नॉरअ‍ॅड्रेनालिनचा स्राव घटतो आणि रक्तदाब उतरतो. नैराश्यावरील मिर्टाझापिन त्याच जातीचे रिसेप्टर अडवते, म्हणून लगाम सैल होऊन नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि सेरोटोनिन दोन्ही अधिक सोडली जातात. शिवाय ते मेंदूला जागे ठेवणाऱ्या हिस्टामिनचे रिसेप्टरही अडवत असल्याने गुंगी येते आणि डॉक्टर ही गोळी बहुधा रात्री घ्यायला सांगतात. चहा-कॉफीतील कॅफिनही याच वाटेने जाते, कारण स्राव रोखणाऱ्या अ‍ॅडेनोसिनला ते त्याच्या रिसेप्टरवर बसू देत नाही. झोपेची गोळी नेताना संध्याकाळच्या चहाची चौकशी आम्ही करतो, ती एवढ्यासाठीच.

आता आठ दिवसांचा प्रश्न. एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिन ही नैराश्यावरील औषधे फटीतील सेरोटोनिन परत शोषले जाण्याची क्रिया रोखतात, म्हणजे ते वाढायला पहिल्या दिवसापासूनच सुरुवात होते. परंतु वाढ जाणवताच पेशीवरील लगामाचे रिसेप्टर सक्रिय होऊन स्राव कमी करतात. हे रिसेप्टर हळूहळू बोथट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि गुण उशिरा येण्यामागचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. म्हणून आठव्या दिवशी गोळी निरुपयोगी ठरवून बंद करणे, हा आमच्या मते स्वतःवरच अन्याय आहे.

क्लोनिडीन मात्र एकाएकी थांबवल्यास दबलेला स्राव उसळून रक्तदाब धोकादायकरीत्या चढू शकतो. ही गोळी घेणाऱ्यांनी स्ट्रिप संपण्याच्या चार दिवस आधीच चिठ्ठी घेऊन यावे, आणि कोणतीही गोळी कमी करायची असल्यास ती डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच करावी.