टाकी धुऊन झाली, आता पिंपाकडे बघा

(आमच्या टाकी-सफाईच्या ग्राहकांसाठी)

"आमच्याकडे नळाचं स्वच्छ पाणी, डास कशाला होतील?" हे आम्हाला घरोघरी ऐकू येतं. घाण पाण्यात वाढणारे डास वेगळे. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. सोलापुरात वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे असं पाणी प्रत्येक मोरीत भरलेलं असतं.

एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या किंचित वर, पिंपाच्या ओल्या कडेला ती चिकटवून ठेवते. अंडी काळी आणि जेमतेम खसखशीएवढी, त्यामुळे काळ्या-निळ्या पिंपात दिसतच नाहीत. पिंप कोरडं ठेवलं तरी ती कित्येक महिने टिकतात. पाणी पुन्हा त्या रेषेपर्यंत चढलं की अळ्या बाहेर येतात. उबदार हवेत पुढे आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून शिळं पाणी ओतून लगेच ताजं भरलं, तर अंडी जिथल्या तिथे राहतात. पिंप आतून काथ्याने खसाखसा घासायला हवं, वरच्या कडेला जरा जास्तच. नळ येण्याच्या आदल्या दिवशी पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हाच हे उरकून घ्या. अळ्यांचं पाणी मोरीत न ओतता कोरड्या मातीवर ओता.

अळ्या आहेत का हे बघायला बॅटरीचा उजेड टाका आणि पिंपाला टिचकी मारा. असतील तर वळवळत खाली जातात, पण श्वासासाठी त्यांना वर यावंच लागतं. टपोऱ्या डोक्याचे, वाकलेले जीव दिसले तर ते कोष. त्यांचे दोन-तीन दिवसांत डास होतात, तेव्हा ते पाणी त्याच दिवशी ओता.

गच्चीवरच्या टाकीचं एक स्पष्ट सांगतो, धंद्याच्या विरुद्ध असलं तरी: सहा महिन्यांनी होणाऱ्या आमच्या सफाईने डास थांबत नाहीत, झाकणाने थांबतात. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस डासही अशाच टाक्यांत वाढतो. तडकलेल्या झाकणावर वीट ठेवून भागत नाही, फट राहतेच. ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधा. सफाईला आलो की आम्ही ती तपासतो, फाटली असेल तर सांगतो.

फ्रिजमागचा ट्रे, कूलर, मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली यांचं पाणीही आठवड्याला ओतायचं, आणि घासायचं.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर विसंबू नका, तेवढ्याने अळ्या मरत नाहीत. महापालिकेचे कर्मचारी पिंपात टेमिफॉस (अळ्या मारणारं औषध) टाकून गेले असतील, तर पिंप घासून नवं पाणी भरल्यावर ते पुन्हा टाकावं लागतं. हौद मोठा असेल आणि रिकामा करणं जमतच नसेल, तर त्यात गप्पी मासे सोडा. ते कुठे मिळतील हे महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा.