बुल्सआय, युनिक, ४८९५ : बंदुकीची जुनी दारू अजून का भरतात?

अमेरिकेत घरी काडतुसे भरणारे नेमबाज आजही पिस्तुलासाठी बुल्सआय किंवा युनिक आणि रायफलसाठी ४८९५ ही दारू घेतात. बुल्सआय १८९८ची, युनिक १९००ची. कमी काजळी धरणारी नवी दारू दुकानात असताना ही नावे टिकली. त्यामागे रसायनाइतकाच कोर्टाचा आणि युद्धाचा हात आहे.

फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या सेल्युलोजपासून) धूर न करणारी दारू बनवली आणि सोरा, कोळसा, गंधकाच्या काळ्या दारूचे दिवस भरले. पुढे आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोसेल्युलोजला नायट्रोग्लिसरीन या स्फोटक द्रवाची जोड दिली. बुल्सआय आणि युनिक या दुसऱ्या प्रकारातल्या, लॅफ्लिन अँड रँड कंपनीच्या. ही कंपनी ड्युपाँट या बड्या अमेरिकी स्फोटक-कंपनीने गिळली. पण मक्तेदारीच्या खटल्यानंतर १९१२मध्ये ड्युपाँटचीच विभागणी झाली आणि दोन्ही दारू नव्या हर्क्युलिस कंपनीकडे गेल्या. आज त्या अलायंटच्या नावाने विकल्या जातात.

४८९५ची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या गरँड रायफलच्या काडतुसांत ही दारू भरली जाई. युद्ध संपल्यावर तिचे ढीग उरले. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी तो शिल्लक माल घेतला, रेल्वेच्या जुन्या डब्यात साठवला आणि टपालाने स्वस्तात विकला. बेताच्या मिळकतीच्या शिकाऱ्यालाही काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणे परवडू लागले, ते अशा मालामुळेच.

इतक्या वर्षांत या दारूंच्या मापांची, दाबाची, वेगाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या साठली आहे. माझ्या मते जुनी दारू निवडण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच. तरी बुल्सआय हाताळताना डोळे उघडे हवेत : ती इतकी थोडी लागते की पुंगळीत चुकून दुप्पट पडली तरी वर सांडत नाही, आणि अशा काडतुसाने पिस्तूल फुटू शकते.

जुने नाव घेणे वेगळे, जुना डबा उघडणे वेगळे. नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटत जाते. ते रोखायला डायफिनाइलअमाइन नावाचे रसायन घालतात, पण तेही संपते. डब्यातून आंबूस, झोंबणारा वास किंवा तांबूस वाफ आली, तर ती दारू भरायची नाही. शिवाय आयएमआर आणि हॉजडन या दोन्ही नावांनी ४८९५ मिळते. आकडा एकच असला तरी दारू वेगळ्या आहेत. एकीचे माप दुसरीला लावू नये.