एकवीस रुपये आणि महिना साठ

रासायनिक अभियांत्रिकीतले शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, बारा वर्षांचे होईपर्यंत पायात चप्पल नव्हती. दुसरी, अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली झाला. दोन्ही त्यांनी स्वतः अनेकदा सांगितल्या आहेत. पण सत्कारांच्या भाषणांत त्या इतक्या घासल्या गेल्या की आजूबाजूचं सगळं अंधारात राहिलं. तो दिवा सार्वजनिक होता, पहिली शाळा पालिकेची होती, आणि पुढे ज्या पैशावर कॉलेज झालं तो एका न्यासाचा होता. त्या मुलाची हुशारी आणि त्याच्या आईची जिद्द तर होतीच. पण जिद्दीला टेकायला त्या काळच्या मुंबईत काय काय होतं, तेही बघायला हवं.

माशेलकरांचा जन्म १ जानेवारी १९४३ चा, गोव्यातल्या माशेलचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. मुलगा सहा वर्षांचा असताना वडील गेले आणि आई, अंजनीबाई, त्याला घेऊन मुंबईला आल्या. बिऱ्हाड गिरगावात, चाळीतल्या खोलीत. त्या पडेल ते काम करायच्या, तरी दोन वेळच्या जेवणाची खात्री नसायची. एकदा कामासाठी दिवसभर रांगेत उभ्या राहिल्या, तर निदान तिसरी पास हवी म्हणून परत पाठवलं गेलं. मुलाला शिकता येईल तितकं शिकवायचं, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

प्राथमिक शाळा पालिकेची असल्यामुळे निभावली. अडलं ते माध्यमिक शाळेच्या प्रवेशापाशी. त्यासाठी २१ रुपये लागत होते आणि ते जमवायला २१ दिवस गेले. शेवटी लोकांकडे घरकाम करणाऱ्या एका बाईंनी आपल्या साठवणीतून ते दिले. तोवर नावाजलेल्या शाळांचे प्रवेश आटोपले होते. जागा मिळाली ती गिरगावातल्या युनियन हायस्कूलमध्ये, गरिबांच्या मुलांच्या साध्या शाळेत. हा उशीर पथ्यावरच पडला असं म्हणायला हरकत नाही, कारण भावे सर तिथेच होते.

भावे सर विज्ञान शिकवायचे. एकदा त्यांनी वर्ग उन्हात नेला, बहिर्गोल भिंग हातात घेतलं आणि खाली कागद धरला. भिंग वरखाली करता करता एका ठरावीक अंतरावर उन्हाचा ठिपका बारीक झाला, कागद धुमसला आणि जळाला. एकाग्रतेचं सामर्थ्य असं असतं, हे सरांनी या मुलाला सांगितलं. माशेलकर पुढे या प्रसंगाकडे आणखी एका अंगाने बघू लागले: समांतर जाणारे किरण आपसूक कधी भेटत नाहीत, भिंग त्यांना एकत्र आणतं. मोठ्या संस्था चालवताना हे भिंगाचं उदाहरण त्यांनी किती वेळा दिलं असेल, त्याची गणती नाही.

१९६० साली शालान्त परीक्षेत ते बोर्डात ११ वे आले. गुणवत्ता यादीत नाव, आणि तरी शिक्षण सोडून नोकरी बघायचा विचार चालला होता. तेवढ्यात सर दोराबजी टाटा ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली. महिना ६० रुपये, सहा वर्षं.

या ६० रुपयांच्या मागे थोडं जाऊ. उद्योगपती जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांनी १९३२ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, आपली जवळजवळ सगळी मालमत्ता या न्यासाच्या नावे केली. पत्नी मेहरबाईंचे दागिनेही त्यात आले, ज्युबिली नावाचा २४५ कॅरटचा हिरासुद्धा. १९२४ मध्ये टाटांच्या पोलाद कारखान्याला टाळं लागायची वेळ आली तेव्हा दोराबजींनी घरची संपत्ती गहाण टाकून तो वाचवला होता, आणि त्या संपत्तीत हाच हिरा होता. नंतर तो विकला गेला आणि पैसा न्यासाकडे आला. आता त्यातला नेमका कुठला रुपया गिरगावच्या चाळीत पोचला, हे विचारण्यात अर्थ नाही. पण हात तोच होता.

पहिली दोन वर्षं जयहिंद कॉलेजात गेली, मग माटुंगा. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, सगळ्यांच्या तोंडी यूडीसीटी, आताची आयसीटी. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत कमी सांगितला गेलेला भाग हाच आहे. १९३३ मध्ये सुरू झालेल्या या विभागाचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रातले जगन्मान्य नाव. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यानंतर तिथे आलेले बी. डी. टिळकही माटुंग्याचेच. माटुंगा ते पाषाण, म्हणजे एनसीएल जिथे आहे तो पुण्याचा भाग, ही वाट अशी आधीच मळलेली होती.

१९६४ मध्ये मनमोहन शर्मा केंब्रिजहून पीएच.डी. करून माटुंग्याला परतले आणि २७ व्या वर्षी प्राध्यापक झाले. माशेलकरांनी १९६६ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि शर्मांकडेच संशोधन सुरू केलं. द्रवाने भरलेल्या उभ्या नळकांड्यात खालून वायूचे बुडबुडे सोडले तर तो वायू द्रवात किती वेगाने विरघळतो, हा त्यांचा एक विषय. ऐकायला किरकोळ, पण कितीतरी रासायनिक कारखान्यांचं गणित त्यावर चालतं. १९६९ मध्ये पीएच.डी. झाली. मुंबईबाहेर न जाता. परदेश त्यानंतर आला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड विद्यापीठात ते आधी संशोधक आणि मग व्याख्याते होते. तिथे अभ्यास वेगळ्या जातीच्या द्रवांचा: टूथपेस्ट, रंग, वितळलेलं प्लास्टिक, जे पाण्यासारखे सरळ वाहत नाहीत. १९७६ मध्ये ते भारतात परतून एनसीएलमध्ये दाखल झाले. १९८२ मध्ये विज्ञान संशोधनासाठीचं भटनागर पारितोषिक मिळालं आणि १९८९ मध्ये संचालकपद आलं. त्यांच्या कारकिर्दीत पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकवरचं एनसीएलचं संशोधन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने पैसे मोजून घेतलं. तंत्रज्ञान तिकडून इकडे यायचं, एवढंच तोवर अंगवळणी पडलं होतं.

१९९५ मध्ये ते सीएसआयआरचे, म्हणजे एनसीएलसारख्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक झाले. त्याच वर्षी हळदीने जखम भरते या ‘शोधा’ला अमेरिकेत पेटंट मिळालं होतं. आपल्याकडे बोट कापलं की हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो, पण पेटंट कार्यालयाला घरोघरचा अनुभव चालत नाही, छापील पुरावा लागतो. सीएसआयआरने जुन्या ग्रंथांतले उतारे आणि १९५३ मधल्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख धरून ३२ संदर्भ पुढे ठेवले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पारंपरिक ज्ञान पेटंट तपासनिसांना वाचता येईल अशा भाषांत नोंदवून ठेवणारं डिजिटल ग्रंथालय पुढे यातूनच उभं राहिलं.

१९९८ मध्ये माशेलकर ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या नामांकित विज्ञान संस्थेचे फेलो झाले. नव्या फेलोने जिथे सही करायची असते, त्याच वहीत पूर्वी न्यूटनची सही झालेली आहे. गुरू शर्मा तिथे आठ वर्षं आधी पोचले होते.

माशेलकरांनी नंतर आईच्या नावाने एक पुरस्कार सुरू केला. अंजनी माशेलकर पुरस्कार दिला जातो तो गरिबाच्या खिशाला परवडेल असं काही नवं बनवणाऱ्यांना.