विक्रीकराचा भार आणि अल्प उत्पन्न कुटुंबे

विक्रीकराचा भार आणि अल्प उत्पन्न कुटुंबे : वस्तू किंवा सेवा विकत घेताना किमतीतून वसूल होणारा कर गरीब कुटुंबांना त्यांच्या ऐपतीच्या मानाने जड जातो का, हा सार्वजनिक आयव्ययातील जुना वाद आहे. उत्पन्न वाढेल तसे कराचे उत्पन्नाशी प्रमाण घटत गेले तर तो कर प्रतिगामी, वाढत गेले तर प्रगतिशील आणि कायम राहिले तर प्रमाणशीर मानतात. सरकारकडे कर भरणारा व्यापारी आणि तो अखेर सोसणारा ग्राहक या दोन वेगळ्या व्यक्ती असल्याने कराघात एकावर आणि करापात दुसऱ्यावर, अशी स्थिती असते; कराघात म्हणजे कर भरण्याची जबाबदारी, करापात म्हणजे कराचा अखेरचा भार. देशव्यापी विक्रीकर भारतात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या, म्हणजेच जीएसटीच्या रूपाने आला. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : गरिबांवरील उपभोग कराचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण मिठावरील कराचे. मीठ माणशी जवळपास सारखेच लागते, त्यामुळे जमीनदार आणि मजूर यांच्यावरील कराची रक्कम सारखीच, पण उत्पन्नाशी तिचे प्रमाण अगदी भिन्न. १८८८ मध्ये हा कर मणाला अडीच रुपये झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात तो कमी करण्याची मागणी केली. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. या कपातीचे श्रेय एकट्या गोखल्यांना देण्याचा प्रघात असला, तरी त्या वर्षांत सरकारी तिजोरीत शिल्लक होती हेही ध्यानात घ्यावे लागते. १९२३ मध्ये कर पुन्हा अडीच रुपये झाला व पुढच्याच वर्षी निम्म्यावर आला. १९३० च्या सत्याग्रहात दांडीबरोबर वडाळा आणि शिरोडा येथील मिठागरेही गाजली. १९४७ मध्ये अंतरिम सरकारने हा कर उठवला.

भारतातील पहिला विक्रीकर कोणता, याविषयी एकमत नाही. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८ च्या कायद्याने पेट्रोल आणि वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. हा उत्पादन शुल्काचाच प्रकार असून तो केंद्राच्या अधिकारात येतो, असा आक्षेप निघाला. पण सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश असलेल्या फेडरल न्यायालयाने प्रांताच्या बाजूने अभिप्राय दिला. मद्रास प्रांताने १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर लागू केला. एका वस्तूपुरत्या कराला विक्रीकर म्हणायचे की नाही, यावर पहिलेपणाचा मान ठरतो. कायद्याच्या अंगाने पाहिले तर नागपूरहून निघालेल्या कायद्याने वाट मोकळी केली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. सर्वसाधारण कराचा मान मात्र मद्रासकडेच जातो. मद्रासमधील कराचे एक कारण असे, की सेलम जिल्ह्यात दारूबंदी केल्याने अबकारीचे उत्पन्न बुडाले होते आणि ते कुठून तरी भरून काढणे भाग होते. म्हणजे पिणाऱ्याकडून येणारा पैसा आता न पिणाऱ्याच्याही खरेदीतून येऊ लागला. मुंबई प्रांतात सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा १९४६ चा. जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोगाने (१९५३–५४) खर्चगटांनुसार अप्रत्यक्ष करांचा भार मोजला. या प्रकारचा तो देशातील पहिला मोठा प्रयत्न सामान्यतः समजला जातो.

मोजमापाचा प्रश्न : कर कशाच्या तुलनेत मोजायचा, यावर निष्कर्ष बराचसा अवलंबून असतो. समजा, एका कुटुंबाची मासिक प्राप्ती १२,००० रुपये असून ती सगळी खर्च होते; दुसऱ्याची १ लाख असून निम्मी शिल्लक राहते. खर्चावर सरासरी ८ टक्के कर दोघांनाही लागला, तर पहिल्याने ९६० आणि दुसऱ्याने ४,००० रुपये दिले. खर्चाशी ताडून पाहता दोघे बरोबरीत. उत्पन्नाशी ताडता पहिल्याचे ८ टक्के गेले, दुसऱ्याचे ४. आज शिलकीत टाकलेला पैसा उद्या खर्च होईल तेव्हा कर भरावाच लागेल, म्हणून आयुष्यभराचा हिशेब धरावा, असे एक मत आहे. अमेरिकेतील पेट्रोल, दारू व तंबाखूवरील करांबाबत अर्थशास्त्रज्ञ जेम्स पोटर्बा यांनी १९८९ मध्ये या पद्धतीचा पुरस्कार केला आणि वार्षिक उत्पन्नाच्या हिशेबात दिसणारी प्रतिगामिता तीत कमी भरते असे दाखवले. मात्र जो पैसा जमिनीत, सोन्यात किंवा मुलांच्या नावे जातो, त्याचा हिशेब त्या पिढीत लागतोच असे नाही. ज्याच्या हातात महिनाअखेर काही उरतच नाही, त्याला आयुष्यभराच्या हिशेबाचा दिलासा तोकडाच.

भारतात या वादाला आणखी एक वळण आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत परंपरेने उपभोग खर्च नोंदवला जातो, कुटुंबाचे एकूण उत्पन्न नाही. त्यामुळे येथील बहुतेक अभ्यास खर्चाच्या आधारावर उभे आहेत आणि खर्चाच्या आधारावर कर नेहमीच सौम्य दिसतो. २०२२–२३ च्या पाहणीनुसार ग्रामीण भागातील तळच्या ५ टक्क्यांचा माणशी मासिक खर्च १,३७३ रुपये, तर शहरी भागातील वरच्या ५ टक्क्यांचा २०,८२४ रुपये होता. एकूण खर्चात खाद्यपदार्थांचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के, शहरात सुमारे ३९ टक्के होता.

दरांची रचना : विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगाने एकाच दराचा, केंद्र ५ व राज्ये ७ मिळून १२ टक्क्यांचा पर्याय पुढे ठेवला होता. अरविंद सुब्रमणियन समितीने २०१५ च्या डिसेंबरात महसूल-तटस्थ दर, म्हणजे जुन्या करांइतकाच महसूल देणारा दर, १५ ते १५.५ टक्के सुचवला. प्रत्यक्षात ५, १२, १८ व २८ असे चार दर आले. सोन्याला ३ टक्के. सुटे धान्य, भाजीपाला, दूध यांना शून्य. सॅनिटरी पॅडवरचे १२ टक्के जुलै २०१८ मध्ये उठले. रिझर्व्ह बँकेच्या अंदाजाप्रमाणे सरासरी भारित दर आरंभीच्या १४.४ टक्क्यांवरून २०१९ पर्यंत ११.६ टक्क्यांवर उतरला. गरजेच्या वस्तूंवर कमी व चैनीच्या वस्तूंवर जास्त दर असल्याने खर्चाच्या हिशेबात हा कर किंचित प्रगतिशील ठरतो, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे, आणि दरपत्रकापुरते ते बरोबर आहे.

पण दरपत्रकात सगळा कर दिसत नाही. करमुक्त वस्तू विकणाऱ्याला आपल्या खरेदीवरच्या कराची वजावट, व्यापाऱ्यांच्या बोलीत इनपुट क्रेडिट, मिळत नाही. तो कर किमतीत मुरतो. एसटीच्या साध्या लालपरीच्या तिकिटावर जीएसटी नाही. पण तिच्या टायरवर तो आहे, सुट्या भागांवर आहे. आणि डिझेल तर या कराच्या बाहेर असल्याने त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन्ही कर वेगळे. यांतले काहीही परत मिळत नाही. भाड्यातून नाही वसूल झाले, तर ते महामंडळाच्या तोट्यात दिसते. निर्यातीला मिळते तशी खरी शून्य दराची सवलत, जिच्यात आधी भरलेला कर परत मिळतो, ती देशातील ग्राहकाच्या वाट्याला येत नाही.

जुलै २०२२ पासून वेष्टनबंद व लेबल लावलेले तांदूळ, गहू, पीठ, डाळ, दही यांवर, ब्रँड नोंदलेला असो वा नसो, ५ टक्के कर आला. धान्य, पीठ, डाळींसाठी मर्यादा २५ किलोंची. सुटा माल मोकळाच राहिला. परिणामी काही गिरणीवाल्यांनी २६ आणि ३० किलोंची पोती काढली. एकदम पोते उचलण्याची ऐपत असणाऱ्या कुटुंबाला ती फायद्याची. रोजच्या मजुरीतून किलोभर पीठ आणणाऱ्याने सुटे घेतले तर कर नाही, पुडी घेतली तर आहे.

दुकान आणि कर : विकसनशील देशांत गरीब लोक नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांकडून जास्त खरेदी करतात, म्हणून उपभोग कर त्यांच्यापर्यंत कमी पोचतो, असा निष्कर्ष ३२ देशांच्या कुटुंब-खर्चाच्या अलीकडील एका अभ्यासातून निघाला. आठवडे बाजारातील भाजी, सुकी मासळी, कुंभाराचे मडके यांना तो लागू पडतो. भारतातील किराण्याला मात्र तो जसाच्या तसा लावता येत नाही. वस्तूंच्या व्यापाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत बहुतेक राज्यांत नोंदणी लागत नाही. दीड कोटीपर्यंतचा किरकोळ दुकानदार आपसमेळ योजनेत उलाढालीवर १ टक्का भरून मोकळा होतो व ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही. तरीही त्याच्या फळीवरची साबणाची वडी कारखान्यातून कर लावूनच निघालेली असते आणि वितरकाने त्यावर आपला भाग भरलेला असतो. एमआरपीत हे सगळे धरलेले असते. खेड्यातील दुकानदार पावती देत नाही म्हणून ग्राहकाने कर भरला नाही असे होत नाही. सुटतो तो फक्त शेवटच्या नफ्यावरचा कर, आणि तोही बहुधा दुकानदाराच्याच पदरात.

शेतकरी कुटुंबाचा प्रश्न उपभोगाच्या पाहणीत येतच नाही. शेतकऱ्याला नोंदणी नाही, म्हणून वजावटही नाही. बियाणे करमुक्त, खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के. ठिबक संचावर २०२५ पर्यंत १२, पुढे ५ टक्के. हा पैसा त्याने घरखर्च म्हणून केलेला नसल्याने माणशी मासिक खर्चात तो धरला जात नाही. व्यापारी कर पुढे ढकलतो; शेतकऱ्याचा भाव मार्केट यार्डातील लिलावात ठरतो, तिथे फवारणीवरचा कर लावून मिळत नाही. येथे करापात ग्राहकाकडे न जाता उत्पादकावरच राहतो. अप्रत्यक्ष कर म्हणजे ग्राहकावरचा कर, या पाठ्यपुस्तकी समीकरणाला हा मोठा अपवाद आहे आणि त्याची दखल फार थोड्यांनी घेतली आहे.

‘६४ टक्के’ वाद : जीएसटीचा जवळपास ६४ टक्के महसूल तळच्या ५० टक्के लोकसंख्येकडून आणि जेमतेम ४ टक्के वरच्या १० टक्क्यांकडून येतो, असा अंदाज ऑक्सफॅम इंडिया या स्वयंसेवी संस्थेने जानेवारी २०२३ च्या अहवालात मांडला व तो सर्वत्र उद्धृत होतो. अंकगणिताच्या कसोटीवर तो टिकत नाही. खर्चाच्या उतरंडीत खालची निम्मी माणसे एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक खर्च करूच शकत नाहीत. २०२२–२३ च्या पाहणीत ग्रामीण सरासरी ३,७७३ असताना वरच्या ५ टक्क्यांची सरासरी १०,५०१, शहरी सरासरी ६,४५९ असताना २०,८२४; म्हणजे एकट्या वरच्या ५ टक्क्यांकडे ग्रामीण खर्चाचा सुमारे १४ आणि शहरी खर्चाचा सुमारे १६ टक्के वाटा येतो. त्यातही श्रीमंतांचा खर्च अशा पाहण्यांत कमीच नोंदला जातो. गरिबांच्या टोपलीवर श्रीमंतांपेक्षा कितीतरी जास्त दर असल्याखेरीज ६४ चा आकडा येणार नाही, आणि दररचना तर उलट आहे. त्याच अहवालातील दुसरा मुद्दा मात्र वेगळा पाहायला हवा. अप्रत्यक्ष करांचा उत्पन्नाशी वाटा तळच्या निम्म्यांत वरच्या दहा टक्क्यांच्या सहा पट आहे, असे त्यात म्हटले होते. सहाच्या आकड्याबद्दल दुमत होईल. दिशेबद्दल होऊ नये. आकडा चुकला म्हणून तक्रारच खोटी ठरवणे, असा उलटा प्रकारही या वादात झाला आहे.

उपाय : एक मार्ग गरजेच्या वस्तू वगळण्याचा. यात रुपयांत पाहिले तर श्रीमंतांचीच जास्त बचत होते, कारण बासमती तेही सुटा घेऊ शकतात. दुसरा मार्ग सर्वांवर कर लावून गरिबांना रोख परत देण्याचा. न्यूझीलंडने १९८६ पासून अन्नधान्यही न वगळता कर लावला, आज तो १५ टक्के आहे. कॅनडाने १९९१ पासून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दर तिमाहीस परतावा ठेवला. अमेरिकेत १९९९ पासून प्रतिनिधिगृहात वारंवार मांडल्या गेलेल्या ‘फेअरटॅक्स’ विधेयकात आयकर काढून २३ टक्के राष्ट्रीय विक्रीकर आणि दारिद्र्यरेषेपर्यंतच्या खर्चावरील कर प्रत्येक कुटुंबाला आगाऊ देण्याची तरतूद आहे. ते संमत झालेले नाही. हे २३ टक्के करासह किमतीवरचे आहेत. मूळ किमतीवर, म्हणजे भारतीय पद्धतीने मोजल्यास दर सुमारे ३० टक्के पडतो.

भारतात रोख परताव्याऐवजी भर राहिला तो दर कमी ठेवण्यावर आणि रेशनवर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ व शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत धान्य देण्याची तरतूद आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. अर्थशास्त्रज्ञांचा कल परताव्याकडे असला, तरी ज्याचे नाव यादीत नाही त्याला परतावा नाही, आणि करमाफीला यादी लागत नाही. स्थलांतरित ऊसतोड कामगाराच्या बाबतीत हा फरक मोठा आहे.

२०२५ ची दरकपात : २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ व २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास मोडीत निघाले, ५ आणि १८ हे मुख्य दर राहिले व निवडक वस्तूंना ४० टक्के ठरले. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे १८ वरून ५ वर, सायकल १२ वरून ५ वर, वह्या-पेन्सिली शून्यावर आल्या. या कपातीत लहान मोटारी आणि मोठे टीव्हीही २८ वरून १८ वर आले, त्यामुळे एकूण लाभाची विभागणी कशी झाली हे वस्तूंच्या यादीवरून सांगता येत नाही. ५ रुपयांच्या बिस्किटपुड्याचा हिशेब पाहता १८ टक्के काढून ५ टक्के लावल्यास किंमत ४ रुपये ४५ पैसे होते. पण २५ पैशांपर्यंतची नाणी २०११ मध्येच चलनातून गेली, आणि वैध असूनही ५० पैशांचे नाणे व्यवहारात दिसत नाही. त्यामुळे लाभ पोचायचा तर तो वजन वाढवूनच. सर्वांत लहान पुडी घेणारे ग्राहक बहुधा सर्वांत गरीब असतात आणि पुडीवरच्या ग्रॅमच्या आकड्याकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. दरकपातीचा लाभ ग्राहकाला देण्याचे बंधन केंद्रीय कायद्याच्या कलम १७१ मध्ये आहे. त्याखालील नफेखोरीविरोधी प्राधिकरणाचे काम डिसेंबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाकडे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जीएसटी अपील न्यायाधिकरणाकडे गेले. १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणे बंद झाले होते.